पाडा म्हणजे झोपडपट्टी नव्हे



पाड्यात सर्व्हे आला की आधी दारावर नंबर पडतो. मग एक जण टेप धरतो, दुसरा मोबाईलवर फोटो काढतो, तिसरा कागद भरतो. त्या कागदावर आधीच छापलेलं असतं: झोपडीधारकाचं नाव, झोपडीचं क्षेत्रफळ, झोपडीचा वापर. घरात जी बाई असेल ती आधार कार्ड दाखवते, सही करते किंवा अंगठा देते. पाहुणे निघून जातात. कुणाला वाटतं आता वीज येणार, कुणाला वाटतं नळ येणार, कुणी म्हणतं बिल्डिंगीत रूम मिळणार. पण त्या दहा मिनिटांत आपल्याकडून लिहून घेतलेलं असतं की आम्ही झोपडीत राहतो. आणि एकदा झोपडी झाली की पाड्याचं काहीच उरत नाही. वाडी नाही, विहीर नाही, देव नाही, स्मशान नाही. उरते फक्त चार भिंतींची मोजणी.

या अंकात आम्हाला एवढंच सांगायचं आहे. शहर आपली जमीन घेण्याआधी आपलं नाव बदलतं. जमिनीची लढाई या नावापासून सुरू होते. बोरिवली, गोरेगाव, अंधेरी, मुलुंडच्या पाड्यांनी हे भोगलं आहे. पालघर, वसई, कल्याण, शहापूरच्या गावांवर ते आता येतं आहे. म्हणून मुंबईची हकीकत सगळ्यांनी नीट समजून घ्यावी.

मुंबईत आदिवासी आहेत का, असं अजून शहरातली शिकलेली माणसं विचारतात. वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा, दुबळा, हे सगळे इथले. आमचे पाडे साष्टीच्या डोंगरात होते तेव्हा गोरेगाव हे भातशेतीचं गाव होतं आणि मुंबई माहीमच्या खाडीपलीकडे होती. आम्ही शहरात आलेलो नाही. शहर आमच्यात आलं, तेही एकदम नाही, हप्त्याहप्त्याने आलं. आणि दर हप्त्याला कारण चांगलंच होतं, हे लक्षात ठेवा.

पहिलं कारण पाणी. शहराला पाणी हवं होतं म्हणून 1860 साली विहार तलाव झाला, 1879 साली तुळशी. तलावाभोवतीचं रान पाण्यासाठी राखलं गेलं. दुसरं कारण दूध. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढायचे होते, म्हणून 1949 साली आरे दूध वसाहत उभी राहिली. तीन हजार एकरांहून जास्त जमीन दुग्ध खात्याकडे गेली. त्या जमिनीवर आमचे पाडे होते. आमची माणसं तिथेच राहिली, पण आता ती गोठ्यांसाठी गवत कापणारे मजूर म्हणून ओळखली जाऊ लागली. तिसरं कारण सिनेमा. 1977 साली चित्रनगरी झाली आणि काही पाडे तिच्या कुंपणाच्या आत गेले. मग पशुवैद्यकीय महाविद्यालय, राखीव पोलीस, फोर्स वन. प्रत्येकाला थोडी थोडी जागा.

चौथं कारण खुद्द जंगल. राष्ट्रीय उद्यान झालं. उच्च न्यायालयाने 7 मे 1997 रोजी उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. 1 जानेवारी 1995 आधीचं मतदारयादीत नाव असेल आणि सात हजार रुपये भरले तर दुसरीकडे जागा, नाहीतर बाहेर. पुढच्या तीन वर्षांत हजारो घरं पडली. त्या यादीत डोंगर उतारावर नव्याने आलेले गरीब होते आणि पिढ्यान् पिढ्या राहणारे पाडेही होते. दोघांसाठी एकच शब्द वापरला गेला: अतिक्रमण. ज्यांच्या वाघदेवाचं ठाणं त्या रानात आहे त्यांनाही जंगलात घुसलेले म्हटलं गेलं.

पाचवं कारण रस्ता आणि मेट्रो. मेट्रो-तीनच्या कारशेडसाठी आरेतली तीस हेक्टरांहून जास्त जागा गेली. प्रजापूरपाड्याची घरं 2017 च्या सुमारास उठली आणि माणसं अंधेरी-चकाल्याच्या इमारतीत गेली. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे आणि ठाणे-बोरिवली बोगदा डोंगराच्या पोटातून जाणार आहेत. जुलै 2024 मध्ये दोन्ही कामांचं भूमिपूजन झालं. बोगदा जमिनीखालून जातो, पण त्याचं तोंड जमिनीवरच उघडतं. आणि तोंड जिथे उघडतं तिथे कुणाचं तरी घर असतं.

पाणी, दूध, सिनेमा, जंगल, मेट्रो. यातली एकही गोष्ट वाईट नाही. आम्हीही ते पाणी पितो, ती गाडी आम्हालाही लागते. पण पाच वेळा कारण बदललं आणि पाचही वेळा जमीन आमचीच गेली, तर विचारायला हवं की असं का होतं. उत्तर सोपं आहे. सरकारच्या नकाशावर आरे होती, चित्रनगरी होती, उद्यान होतं. पाडा नव्हता. जे नकाशावर नाही त्याला विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

नकाशावर नसल्याची दुसरी शिक्षा रोजची आहे. एकाच डोंगरावरचे पाडे वेगवेगळ्या मालकांच्या खात्यात मोजले जातात: दुग्ध खातं, वन खातं, चित्रनगरी, महानगरपालिका, कलेक्टर. पाड्याला नळ हवा असेल तर पालिका म्हणते जमिनीच्या मालकाची ना-हरकत आणा. मालक खातं म्हणतं, तुम्ही मुळात इथे कसे, ते आधी सिद्ध करा. विजेच्या खांबासाठी तेच, संडासासाठी तेच. अशी पंधरा-वीस वर्षं जातात. शेवटी पाड्यातला माणूस म्हणतो, बिल्डिंग तर बिल्डिंग, निदान दिवा तरी लागेल. ही हतबलता आपोआप आलेली नाही. दिवा आणि पाणी हा आपला हक्क आहे. तो जमिनीची किंमत म्हणून आपल्याकडून वसूल केला जातो, हे ओळखा.

आता बिल्डिंगीचा हिशोब मांडू. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर मिळतं 300 चौरस फुटांचं. आधी ते 225 होतं, मग 269 झालं, आता 300. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. म्हणजे हे घर पाव गुंठ्याहून जरासंच जास्त. ज्या घराला पडवी होती, मागे केळी, शेवगा, पपई, वेलावर काकडी-दोडका होता, पावसाळ्यात दारातून शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोळी काढून गोरेगाव-बोरिवलीच्या बाजारात बसणारी आजी होती, त्या घराच्या बदल्यात पाव गुंठा, तोही हवेत. झाडांचा पैसा नाही, कारण झोपडीला झाडं नसतात. भाताच्या तुकड्याचा पैसा नाही, कारण झोपडीला शेत नसतं. कोंबड्यांना जागा नाही, बकरीला नाही. लिफ्टचं आणि देखभालीचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला. आजीचा बाजार बंद झाला की त्या बिलाला पैसे आणायचे कुठून? दोन मुलांची लग्नं झाली की एका खोलीत तीन चुली कुठे मांडायच्या? आणि सगळा पाडा वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्यावर लग्नाचा चौक कुणाच्या भिंतीवर लिहायचा, तारपा कुठे वाजवायचा, गावदेवीला कोंबडं कुठे द्यायचं?

कुणी म्हणेल, ही जुन्या माणसांची रड आहे, पोरांना फ्लॅट हवा आहे. पोरांचं म्हणणं आम्ही ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. संडासाला रानात जाताना बिबट्याची भीती, पावसात चिखलाचा रस्ता, रात्री आजारी माणसाला खांद्यावर न्यायचं, कॉलेजात पत्ता सांगताना होणारी थट्टा. यातून बाहेर पडावं असं कोणालाही वाटेल. पण पोरांनो, पक्कं घर पाड्यातही बांधता येतं. नळ, दिवा, संडास, रस्ता पाड्यातही येऊ शकतो. या सोयी घेण्यासाठी चाळीस गुंठे सोडून पाव गुंठा घ्यावा लागतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं, ते आधी शोधा.

हेही स्पष्ट लिहितो की आमचं भांडण झोपडपट्टीतल्या माणसाशी नाही. तो कष्टकरी आहे, तोही गावाहून हाकलला गेलेला आहे, 1997 नंतर त्याचीही घरं बुलडोझरखाली गेली. त्याला झोपडपट्टीच्या कायद्यात पक्कं घर मिळालंच पाहिजे. त्याचा हक्क त्याच्या कायद्यात आहे, आपला आपल्या कायद्यात. दोघांना एका फॉर्मवर बसवलं की आपला हक्क बुडतो आणि त्याचाही वाटा आक्रसतो. आणि घरातलीही एक गोष्ट बोलायला हवी. काही पाड्यांत वाडीतला तुकडा स्टँप पेपरवर बाहेरच्याला दिला जातो, तिथे चार खोल्या चढतात, भाडं येतं. दलाल आपल्यातलाच एखादा असतो. त्या चार खोल्या दाखवूनच उद्या साहेब म्हणतात, बघा, ही झोपडपट्टीच आहे. हा व्यवहार पाड्याने बसून थांबवायला हवा. पोलिसांनी येऊन नव्हे.

शब्दांचा खेळ किती चालतो, याचा पुरावा आरेनेच दिला. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने आरेबद्दलचे अर्ज फेटाळले. आरे हे वन आहे ही मागणी टिकली नाही. त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर 2,141 झाडं पडली होती आणि विरोध करणाऱ्या 29 जणांना अटक झाली होती. पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, सरकारने आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव वन करायची घोषणा केली आणि कारशेड कांजूरमार्गला हलवली. 2022 साली सरकार बदललं, कारशेड परत आरेत आली. डोंगर तोच, झाडं तीच, पाडे तेच. कधी वन, कधी वन नाही. ज्याच्या हातात शिक्का तो नाव ठेवतो. झाडं वाचवायला जी शहरातली माणसं रस्त्यावर उतरली त्यांचे आम्ही आभारी आहोत. पण त्यांनाही सांगतो, वन वाचवताना वनातला माणूस सोडून देऊ नका. 1997 ला एकदा तसं झालं आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वनहक्क कायदा 2006 साली संसदेत मंजूर झाला आणि त्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला आले. मुंबईच्या ऑफिसात गेलं की उत्तर मिळतं, इथे ग्रामपंचायत नाही, ग्रामसभा नाही, म्हणून हा कायदा इथे नाही. खरं आहे की मुंबई पाचव्या अनुसूचीत नाही आणि पेसा इथे लागत नाही. 1950 साली पालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली आणि 1957 साली दहिसर-मुलुंडपर्यंत. तेव्हा गावं वॉर्डांत गेली. पण वनहक्क कायदा पंचायतीवर थांबत नाही. त्याच्या कलम 2 मध्ये गावाची व्याख्या आहे. तीत वनगावं, जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावं येतात, मग ती गाव म्हणून जाहीर झालेली असोत की नसोत. ग्रामसभेच्या व्याख्येत तर पंचायत नसेल तिथे 'पाडा' हा शब्दच लिहिला आहे. दिल्लीच्या कायद्यात आपला शब्द आहे. साहेबांना तो काढून दाखवा. ते म्हणतील, तो शब्द पंचायत नसलेल्या राज्यांसाठी आहे. आपण म्हणायचं, मुंबईत पंचायत आहे का ते सांगा, आणि जुनी वस्ती या शब्दाचं काय करता तेही सांगा. त्याच कलमात वनजमीन म्हणजे काय तेही दिलं आहे, आणि त्यात राष्ट्रीय उद्यान स्पष्ट आहे. शहरातली वनजमीन वगळली, असं कायद्यात कुठेही नाही.

या कायद्यात आपल्याला काय मिळतं? 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेली आणि राहती जमीन, प्रत्यक्ष जेवढी आहे तेवढी, जास्तीत जास्त 4 हेक्टर. ती नवरा-बायको दोघांच्या नावाने. ती विकता येत नाही, वारसाने पुढे जाते, म्हणून दलालाला तिथे वाव नाही. शिवाय सगळ्या पाड्याचा मिळून सामूहिक हक्क: रान, पाणी, गवत, रानभाजी, देवाची जागा. आणि कलम 4(5) सांगतं की दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणालाही उठवता येणार नाही. 2005 आधी ज्यांना पुनर्वसन न देता बेकायदा हाकललं त्यांच्यासाठी कलम 3(1)(ड) च्या मागेपुढे न शोधता थेट मूळ जागी पुनर्वसनाची तरतूद वाचा; 1997 ते 2000 मध्ये घरं गेलेल्यांनी ती जरूर वाचून घ्यावी. हे सगळं झोपडपट्टीच्या फॉर्मवर कुठेही नसतं.

आरेच्या ज्या भागाला सरकार अजून वन म्हणत नाही तिथल्या पाड्यांची वाट अवघड आहे, हे आम्ही लपवत नाही. तिथे पहिली मागणी अशी की कोणतीही योजना येण्याआधी पाड्याची हद्द मोजून नकाशावर पाडा म्हणून लावा.

मुंबईबाहेरच्या साथींनो, आता तुमच्याकडे येतो. वसई-विरार महानगरपालिका 2009 साली झाली तेव्हा गावं नको म्हणत रस्त्यावर आली. कल्याणच्या 27 गावांना कधी पालिकेत घातलं, कधी काढलं, 2015 ला परत घातलं. पालिका आली की घरपट्टी वाढते, एवढंच लोक बोलतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या दिवशी कागदावरची ग्रामसभा मरते. ज्या सभेच्या ठरावावर तुमचा वनहक्क उभा आहे ती सभाच नाही म्हटल्यावर साहेबाला काम सोपं होतं. म्हणून शहर दाराशी येण्याआधी सामूहिक दावे पुरे करून घ्या. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 साली आपल्या रानाचा सामूहिक हक्क कागदावर घेतला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराचं काय करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ग्रामसभांवर सोपवलं. बारा गावांच्या सभा बसल्या आणि बाराही सभांनी खाणीला नाही म्हटलं. तिथली माणसं आपल्यासारखीच, कागद कमी, रान जास्त. त्यांच्याकडे सभा जिवंत होती, एवढाच फरक.

मग आज काय करायचं? पाड्यापाड्यात ही कामं हाती घ्या.

1. पाड्याची सभा बोलवा. सर्व वयात आलेल्या बाया-पुरुषांची यादी करा. निम्म्याहून कमी माणसं नकोत आणि आलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया हव्यात. सभेचं वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

2. सभेतून 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा. दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश बाया.

3. पुरावे गोळा करा. फक्त कागदच लागतो, हे खोटं आहे. नियमाप्रमाणे दोन प्रकारचे पुरावे लागतात. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा एक, आणि विहीर, जुनं झाड, बांध, स्मशान, देवाचं ठाणं ही जमिनीवरची खूण हा दुसरा. रेशनकार्ड, मतदारयादी, जुनी पावती असेल तर सोन्याहून पिवळं. जातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 आधीचा पुरावा मागतात. तो प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी जमिनीचा दावा अडवून ठेवू नका.

4. दावा दाखल करा आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला कागद हा कागद नव्हे. घ्यायला नकार दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला चिकटवा.

5. सर्व्हेवाला आला तर त्याला हाकलू नका, चहा द्या. पण कागद वाचल्याशिवाय सही नाही. झोपडी शब्दाला रेघ मारून आपल्या अक्षरात घर, पाडा, अनुसूचित जमात असं लिहा. तसं लिहू देत नसतील तर सभेला विचारून सांगतो म्हणा. एकट्या बाईने घरात सही करायची नाही, जे काही ते सभेत.

म्हातारी माणसं पिकली पाने आहेत. त्यांच्याबरोबर जमिनीच्या खुणा जातात: कोणता बांध कुणाचा, कोणत्या झाडाखाली कुणाचं घर होतं, विहीर कोणत्या साली खणली. म्हणून पाच कामांतलं जबाबाचं काम सगळ्यांत आधी. या पावसाळ्याच्या आत प्रत्येक पाड्याने निदान दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून, सह्या-अंगठे घेऊन एक प्रत आमच्याकडे पाठवावी. लिहायला कुणी नसेल तर निरोप धाडा, आपली शिकलेली पोरं वही घेऊन येतील.